टीम सगळ्या हिरव्या, रिलीज मात्र लाल: दर पीआयच्या शेवटी अडकणारं इंटिग्रेशन

लक्षणं ओळखीची आहेत. दहा आठवड्यांचा पीआय, म्हणजे सगळ्या टीमनी मिळून आखलेला कामाचा टप्पा, आणि त्यात दोन-दोन आठवड्यांची इटरेशन. पहिल्या तीन-चार इटरेशनमध्ये प्रत्येक टीमचा बोर्ड हिरवागार, स्टोरी (कामाचे छोटे तुकडे) वेळेवर बंद होतायत, व्हेलॉसिटीचा (कामाच्या वेगाचा) आलेख सरळ. मग सगळ्यांचं काम एका एन्व्हायर्नमेंटवर आणायची वेळ येते आणि तिथे दोन-तीन दिवस साधं लॉगिनसुद्धा होत नाही. ऐरोलीत शनिवारी फ्लोअर उघडावा लागतो, पोलंडच्या लोकांना अवेळी फोन जातात, आयपी इटरेशन (पीआयच्या शेवटचं, राखीव वेळ आणि पुढच्या प्लॅनिंगसाठीचं) त्यातच खर्ची पडतं आणि बरीचशी फीचर्स पुढच्या पीआयमध्ये ढकलली जातात. रेट्रोमध्ये (झालेल्या कामाच्या आढाव्यात) कोणीतरी 'टीममधला संवाद वाढवायला हवा' अशी चिठ्ठी चिकटवतं. कॅलेंडरवर एक मीटिंग वाढते. पुढच्या पीआयला पुन्हा तेच.

पन्नास ते सव्वाशे माणसांची एक ट्रेन (एकत्र प्लॅनिंग आणि रिलीज करणाऱ्या टीमचा गट), दोन किंवा जास्त देश आणि सेफ किंवा त्यासारखी बऱ्याच टीमनी एकत्र काम करायची एखादी पद्धत, असं ज्यांच्याकडे चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहिलंय. दोन-तीन टीमच असतील तर एवढ्या पसाऱ्याची गरजच नाही. साधा स्क्रम आणि एक सामाईक बॅकलॉग (कामांची यादी) पुरतो. उदाहरणं मी विम्याच्या क्लेमच्या एका प्रकल्पातली देतोय. आठ टीम होत्या: पाच ऐरोली आणि घणसोलीत, दोन पोलंडमध्ये, एक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. हा प्रश्न समन्वय कमी पडल्याचा नाही. टीम चुकीच्या जागी कापल्या गेल्यात आणि त्यांचा कोड एकमेकांना फार उशिरा भेटतो, एवढंच त्याचं मूळ आहे. डिपेन्डन्सी (एका टीमचं काम दुसरीवर अडून असणं) नीट 'मॅनेज' करण्यात जितकी शक्ती जाते, त्यापेक्षा कमी शक्तीत त्यातल्या निम्म्या नाहीशा करता येतात.

आधी कुठे अडतंय ते बघा

सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच: या पीआयमध्ये कुठल्याही दोन टीमचा खरा कोड एकमेकांशी पहिल्यांदा कधी बोलला? प्लॅनमधली तारीख नको, पाइपलाइनच्या लॉगमधली काढा. मॉकशी (खऱ्या सर्व्हिसच्या जागी ठेवलेल्या नकली सर्व्हिसशी) बोलला ते धरायचं नाही. ही तारीख चौथ्या इटरेशनच्या पुढची निघाली, तर बाकी कारणं शोधण्याआधी इथेच थांबा.

तारीख उशिरा असली की काय होतं त्याचा एक नमुना. क्लेम भरायचा स्क्रीन अमेरिकेतल्या टीमकडे होता. पॉलिसी लागू होते का हे ठरवणारी नियमांची सर्व्हिस पोलंडकडे. पैसे काढायचं सेटलमेंट ऐरोलीकडे. स्क्रीनवर 'घटनेची तारीख' म्हणून १५ मार्च निवडली की ब्राउझर त्याची स्थानिक मध्यरात्र धरायचा आणि यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) बदलून पुढे पाठवायचा. भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे ऐरोलीतून भरलेला क्लेम पुढे जाताना १४ मार्च, संध्याकाळचे साडेसहा असा जायचा. नियमांची सर्व्हिस वेळेचा भाग कापून फक्त तारीख घ्यायची: १४ मार्च. पॉलिसी सुरू १५ मार्चला. क्लेम नामंजूर.

आता गंमत बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १५ मार्चची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत त्याच दिवशीची पहाटे चारची वेळ. तारीख बदलतच नाही. त्यांच्याकडे सगळं पास. पोलंडमध्ये मध्यरात्र म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा, म्हणजे तिथेही फुटायला हवं होतं. पण त्यांच्या टेस्टमध्ये स्क्रीन नव्हताच, हाताने लिहिलेला मॉक होता, आणि त्यात तारीख नुसती तारीख म्हणून होती. दोन्ही टीमची स्टोरी त्यांच्या त्यांच्या व्याख्येप्रमाणे 'डन'. शेवटच्या इटरेशनमध्ये ऐरोलीची टेस्टर पहिल्यांदा दोन्ही जोडून चालवते, तेव्हा तिला तिकडून पहिलं उत्तर काय येतं? "तुमचा टेस्ट डेटा तपासा."

"अहो, डेटा तोच आहे, तुम्हीच दिलेला."

"मग एन्व्हायर्नमेंटचा प्रॉब्लेम असेल. आमच्याकडे चालतंय."

एका ओळीची दुरुस्ती. ती सापडायला आठवडा, कारण प्रश्न-उत्तराच्या प्रत्येक फेरीला एक दिवस लागतो. ऐरोलीत सकाळी अकराला पडलेला प्रश्न अमेरिकेतला माणूस आपल्या संध्याकाळी वाचतो. तो उलट प्रश्न विचारतो तेव्हा विचारणारी ठाण्याला उतरून बदलापूर लोकलची वाट बघत असते. दहा कामाच्या दिवसांच्या इटरेशनमध्ये अशा तीन फेऱ्या झाल्या की काय उरतं ते कळतंच.

दुसरी तपासणी प्रोग्रॅम बोर्डवर, म्हणजे कुठल्या टीमचं कुठलं फीचर कधी हे दाखवणाऱ्या फळ्यावर. तिथले डिपेन्डन्सी दाखवणारे लाल दोरे मोजू नका, फीचर्स मोजा: किती फीचर्स एकाच टीमला पूर्ण करता येतात, कितींना दोन टीम लागतात, कितींना तीन किंवा जास्त. तीन-चार टीम लागणारीच जास्त असतील तर पुढे कितीही मेहनत घ्या, गणित विरोधात आहे. एखाद्या फीचरला पाच टीम लागतात आणि प्रत्येक टीम आपला भाग वेळेवर देण्याची शक्यता ९० टक्के आहे असं धरा. पाचही जण वेळेवर येण्याची शक्यता ५९ टक्के. प्रत्येकाची ८० टक्के धरली तर ३३ टक्के. सगळ्या टीम चांगल्या असूनही तीनातली दोन फीचर्स उशिरा, आणि दोष कोणाचाच नाही. 'टीम हिरव्या, रिलीज लाल' याचं एवढं साधं कारण असू शकतं हे वरच्या लोकांना पटवायला हाच हिशोब कामाला येतो. स्लाइड नको, फळ्यावर गुणाकार करून दाखवा.

तिसरी थोडी कष्टाची आहे. मागच्या पीआयमधून घसरलेली तीन-चार फीचर्स घ्या आणि प्रत्येकाच्या मागे लागून विचारा: यावर प्रत्यक्ष काम किती दिवस झालं, आणि ते नुसतं पडून किती दिवस होतं? जिराचे (कामाची तिकिटं नोंदवायच्या साधनाचे) आकडे इथे फारसे भरवशाचे नसतात, कारण तिकिटं शुक्रवारी संध्याकाळी एकदम सरकतात. माणसांना विचारा. पडून राहण्याचे दिवस कामाच्या दिवसांपेक्षा जास्त निघतील. कशासाठी पडून होतं त्याचं उत्तर लिहून ठेवा: दुसऱ्या टीमची एपीआय (तिच्या सर्व्हिसला हाक मारायचा मार्ग), एन्व्हायर्नमेंटचा नंबर, कोणाचा तरी रिव्ह्यू, कोणाची तरी सही. पुढच्या कामाचा क्रम याच यादीवरून ठरतो.

ज्याने फरक पडत नाही

रोजची स्क्रम ऑफ स्क्रम्स, म्हणजे सगळ्या टीमच्या प्रतिनिधींची मीटिंग. मुळात वाईट नाही, पण तिथे कळतं ते एवढंच की उशीर झालाय. उशीर होतो तो दोन मीटिंगच्या मधल्या तेवीस तासांत.

'डिपेन्डन्सी मॅनेजर' नावाचं पद. ज्या ट्रेनमध्ये हे पद असतं तिथे डिपेन्डन्सी कधी कमी होत नाहीत. का ते सांगायला नकोच.

शेवटी एक 'हार्डनिंग स्प्रिंट', म्हणजे फक्त जोडणी आणि दुरुस्तीसाठी ठेवलेलं इटरेशन. अनेक ठिकाणी आयपी इटरेशनचंच हे होतं. सेफमध्ये आयपी इटरेशन अंदाज चुकले तर थोडी मोकळी जागा म्हणूनही धरलेलं आहे, त्यामुळे एखाद्या पीआयमध्ये त्याला हात लावला तर आभाळ कोसळत नाही. पण दर वेळी ते पूर्ण संपत असेल, तर तो राखीव वेळ राहिलेला नाही. इंटिग्रेशनसाठी ठरवून ठेवलेलाच वेळ आहे, फक्त तसं कोणी लिहीत नाही. त्याचा आणखी एक तोटा असा की पुढच्या पीआयच्या प्लॅनिंगची तयारी त्याच इटरेशनमध्ये व्हायची असते. ती होत नाही. मग अर्धवट फीचर्स प्लॅनिंगला येतात, त्यांच्या डिपेन्डन्सी पीआयच्या मध्यावर सापडतात, आणि शेवटचं इटरेशन पुन्हा त्यात जातं. हे चक्र एका बाजूने तरी तोडावं लागतं.

माणसं वाढवणं. नव्या माणसाला क्लेमचा कारभार समजायलाच एक पीआय जातो, आणि समजावणारे तेच असतात जे आधीच अडकलेत.

पद्धत बदलणं. सेफ जड वाटतं म्हणून लेसकडे किंवा नेक्सेसकडे जायची चर्चा दर वर्षी होते. क्रेग लारमन आणि बास वोड्डे यांचं लेस आठ टीमपर्यंतचं आहे, त्यापुढे त्याचं मोठं रूप वापरायचं. केन श्वेबर यांचं नेक्सेस २०१५ मध्ये आलं, तीन ते नऊ टीमसाठी. दोन्ही चांगल्या आहेत. पण लेसमध्ये टीम फीचरप्रमाणे असाव्यात ही अट आहे, आणि ज्याला तीच करायची नाही त्याचं लेसमध्येही हेच होईल. ज्याची ती करायची तयारी आहे, त्याचं सेफमध्येही सुधारतं.

चालू पीआयमध्ये करण्यासारखं

रचना बदलायला वेळ लागतो. तोपर्यंत, अगदी पीआयच्या मध्यावरसुद्धा, दोन गोष्टी सुरू करता येतात.

पहिली, कॉन्ट्रॅक्ट टेस्ट. ज्या टीमला दुसऱ्याची सर्व्हिस वापरायची आहे तिने आपल्याला नेमकं काय लागतं ते टेस्टच्या रूपात लिहायचं: कुठली फील्ड, कुठल्या प्रकारची, रिकामी चालेल का. ही टेस्ट सर्व्हिस देणाऱ्या टीमच्या पाइपलाइनमध्ये चालते. त्यांनी काही बदललं आणि वापरणाऱ्याचं मोडलं, तर बिल्ड त्यांचा फुटतो, त्याच दिवशी, त्यांच्या कामाच्या वेळेत. पॅक्टसारखी साधनं यासाठीच आहेत. सुरुवातीला तेही नको असेल तर एका सामाईक रिपॉझिटरीत नमुन्याचे जेसन (सर्व्हिस एकमेकांना पाठवतात त्या डेटाच्या फाइल) ठेवा आणि दोन्ही बाजूंना त्यांच्यावर टेस्ट चालवायला लावा. वरचा तारखेचा घोळ इथे पहिल्या आठवड्यात सापडला असता. नमुन्यात 'घटनेची तारीख' कशी येते हे लिहायला बसलं की स्क्रीनवाल्यांना वेळ आणि टाइमझोनसकट लिहावी लागते आणि नियमवाल्यांना नुसती तारीख हवी असते. भांडण तिथेच, कागदावर होतं.

सगळ्या सर्व्हिसना एकदम टेस्ट लिहायला घेऊ नका. मागच्या वेळी जिथे फुटलं त्या जोड्यांपासून सुरू करा. तारखा, रक्कम आणि स्टेटस या तीन जागी सगळ्यात जास्त फुटतं, असा माझा अनुभव. रक्कम एका बाजूला दशांश संख्या, दुसऱ्या बाजूला पैशांत पूर्णांक. स्टेटसमध्ये एका टीमने नवा प्रकार घातला आणि दुसऱ्या टीमचा कोड तो पाहून गप्प बसला. मोठमोठी आर्किटेक्चरची कारणं क्वचित असतात.

दुसरी, सिस्टिम डेमो खरा करा. सेफप्रमाणे दर इटरेशनला सगळ्या टीमचं एकत्र आलेलं काम दाखवायचं असतं. प्रत्यक्षात आठ टीम आपापल्या लॅपटॉपवरून आपापला तुकडा दाखवतात, मधे दोन स्लाइड, टाळ्या. नियम कडक करा: डेमो फक्त इंटिग्रेशन एन्व्हायर्नमेंटवर, दाखवणारा त्या टीमचा डेव्हलपर नको, दुसऱ्याच टीमचा प्रॉडक्ट ओनर हवा. जे तिथे चालत नाही ते दाखवायचं नाही. पहिल्या वेळी स्क्रीनवर जवळजवळ काहीच नसेल. क्लायंटसमोर असं होऊ नये म्हणून मॅनेजर लोक घाबरतात, तेव्हा त्यांना आदल्या आठवड्यात सांगून ठेवा, हवं तर पहिले दोन डेमो आतल्या आतच ठेवा. पण स्लाइड परत आणू देऊ नका.

यासाठी कोड रोज मुख्य शाखेत मर्ज व्हायला हवा. तीन आठवडे वेगळ्या ब्रांचवर चालणारं काम म्हणजे इंटिग्रेशन तीन आठवड्यांनी पुढे ढकललेलं असतं. अर्धवट काम मर्ज कसं करायचं हा प्रश्न लगेच येतो. फीचर टॉगल (फीचर चालू-बंद करायचा कोडमधला स्विच) लावा, बंद ठेवा. टॉगल काढायची तारीखही तेव्हाच बॅकलॉगमध्ये टाका, नाहीतर वर्षभराने कोणता चालू आणि कोणता बंद हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

एन्व्हायर्नमेंटबद्दल: एकच इंटिग्रेशन एन्व्हायर्नमेंट, त्याचं बुकिंग एक्सेलमध्ये, आणि 'कोण डिप्लॉय करतंय?' विचारायला व्हॉट्सॲप ग्रुप, अशी परिस्थिती असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते सुटसुटीत करा. डेटा रिफ्रेश 'रात्री' लावलेला असतो, आपली रात्र म्हणजे अमेरिकेची कामाची वेळ. तिकडचा माणूस टेस्ट करता करता त्याच्या पायाखालचा डेटा नाहीसा होतो.

टीम कशा कापल्यात

खरा उपाय हा, आणि इथेच सगळे थबकतात.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलं होतं की संस्था जी प्रणाली बनवते तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेची नक्कल असते. आपल्याकडे टीम कशा बनतात? स्क्रीनची टीम, नियमांची टीम, पेमेंटची टीम, डेटाबेसची टीम, टेस्टिंगची टीम. मग मोटार क्लेममध्ये एक नवीन फील्ड घालायचं तरी चार टीमच्या बॅकलॉगमध्ये चार स्टोरी, चार प्रॉडक्ट ओनरचे चार प्राधान्यक्रम. फील्ड एकच, पण त्याच्यासाठी बोर्डवर तीन लाल दोरे.

त्याऐवजी टीम ग्राहकाच्या कामाप्रमाणे कापा. मोटार क्लेमची एक टीम, जिच्यात स्क्रीन, नियम, पेमेंट आणि टेस्टिंग करणारी माणसं एकत्र. आरोग्य क्लेमची दुसरी. सगळं एकदम उलटंपालटं करू नका. सगळ्यात जास्त दोरे असलेला एकच प्रवाह निवडा, त्याची एक टीम बनवा, एक पीआय चालवून बघा. बाकीच्या टीम आहेत तशाच राहू द्या.

आणि ती टीम एका गावात ठेवा. अर्धी ऐरोलीत, अर्धी पोलंडमध्ये अशी फीचर टीम म्हणजे जुनाच त्रास नव्या नावाने. पूर्ण टीम इकडे किंवा पूर्ण टीम तिकडे. ऐरोली आणि घणसोली चालतं, ट्रान्स-हार्बरवर मधे एक रबाळे आहे, माणूस उठून जाऊ शकतो. (पावसाळ्यात तेही नेहमी नाही.)

अडचणी येतात त्या अशा. नियमांचं ज्ञान पोलंडमधल्या चार माणसांकडे आहे, ऐरोलीत कोणालाच नाही. मग त्यांच्यापैकी एकाला दोन पीआय मोटार क्लेमच्या टीमला जोडून द्या, कामाला नाही, शिकवायला. नियमांच्या रिपॉझिटरीत बदल करायची परवानगी ऐरोलीला द्या, रिव्ह्यू पोलंडने करायचा, आणि रिव्ह्यूचं उत्तर एका कामाच्या दिवसात द्यायचं हे दोन्ही बाजूंनी लेखी मान्य करा. पहिले काही बदल परत येतील, तिखट शेऱ्यांसकट. नंतर कमी येतात.

दुसरी अडचण कोणी उघड बोलत नाही. आपल्या सेवा कंपन्यांचे करार माणसांच्या कौशल्यावर मोजले जातात: जावाचे इतके, टेस्टिंगचे इतके, सपोर्टचे इतके. एका घटकाचं काम एका विक्रेत्याकडे, दुसऱ्या घटकाचं दुसऱ्याकडे. टीम बदलली की बिलाच्या ओळी बदलतात, कोणाच्या तरी हाताखालची माणसं कमी होतात, अप्रेझल कोण करणार हा प्रश्न येतो. तेव्हा 'पेमेंटचं ज्ञान फार खोल आहे, वेगळी टीमच हवी' असं कारण पुढे येतं. कधी ते खरंही असतं. खरं आहे का हे ओळखायची सोपी पद्धत: पेमेंटमध्ये गेल्या पीआयमध्ये झालेल्या बदलांपैकी किती बदलांना खरंच खोल ज्ञान लागलं आणि किती नुसते एक फील्ड पुढे सरकवण्याचे होते, ते बघा. खोल ज्ञान लागणाऱ्यांसाठी छोटी तज्ज्ञ टीम ठेवा. बाकीचं सोडून द्या. कराराचं म्हणाल तर नूतनीकरणाच्या वेळेआधी दोन-तीन महिने हा विषय काढावा लागतो, नंतर काढून उपयोग नसतो.

प्लॅनिंगचे दोन दिवस

प्लॅनिंगमध्ये एक नियम घाला: दोनपेक्षा जास्त टीम लागणारं फीचर बोर्डवर लागत नाही. ते परत प्रॉडक्ट मॅनेजमेंटकडे, बारीक कापून आणायला. पहिल्यांदा आरडाओरडा होतो. मग लक्षात येतं की बरीच फीचर्स खरंच कापता येतात: आधी फक्त मोटार, फक्त एकाच देशासाठी, फक्त हाताने मंजुरी. जे कापता येतच नाही ते अपवाद म्हणून घ्या, पण त्याला पीआयच्या पहिल्या इटरेशनमध्ये सुरू करा आणि त्याच्या इंटिग्रेशनची तारीख दुसऱ्या इटरेशनमध्ये टाका.

क्षमता शंभर टक्के भरू नका. रांगेचं साधं गणित असं: माणूस ८० टक्के गुंतलेला असेल तर नव्या कामाला सरासरी चार कामांइतकं थांबावं लागतं, ९० टक्क्यांना नऊ, ९५ टक्क्यांना एकोणीस. ज्या टीमवर इतर टीम अवलंबून आहेत तिला तर मुद्दाम मोकळी जागा ठेवावी लागते. 'बिलेबल' तासांच्या जगात हे पटवणं अवघड जातं, तेव्हा वरच्या पडून राहिलेल्या दिवसांची यादी पुढे ठेवा.

कॉन्फिडन्स व्होट, म्हणजे प्लॅनवर किती भरवसा आहे ते प्रत्येकाने बोटांनी दाखवणं. पाच बोटांची पद्धत चांगली आहे. सरासरी तीनच्या खाली आली तर प्लॅन पुन्हा करायचा, आणि दोन किंवा कमी दाखवणाऱ्याला बोलायची संधी द्यायची. पण डिलिव्हरी हेड खोलीत बसलेले असताना दोन वर्षांचा अनुभव असलेली मुलगी दोन बोटं वर करेल ही अपेक्षा सोडा. ती बाजूच्याकडे बघते आणि चार करते. जेवणाच्या वेळी मात्र, "अरे, नियमांची एपीआय तिसऱ्या इटरेशनला येणारच नाहीये, सगळ्यांना माहितीये." हे वाक्य खोलीत यायला हवं असेल तर आधी नाव न घेता फॉर्मवर मत घ्या, एक ओळ कारणासकट. मग हवी तर बोटं.

वेळेचं. भारत आणि पोलंडमध्ये उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी साडेनऊ आणि साडेदहा. उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसहाला पोलंडमध्ये तीन आणि तिकडे सकाळचे नऊ, तिघांना जमेल अशी वेळ एवढीच. तिकडे घड्याळं एकाच दिवशी सरकत नाहीत: अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, परत येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. त्या मधल्या दिवसांत निम्मे लोक मीटिंगला एक तास आधी किंवा नंतर येतात. मीटिंगची वेळ यूटीसीत ठरवा की भारताच्या वेळेत की अमेरिकेच्या, पण एकदा ठरवून लिहून ठेवा. प्लॅनिंग दोन पूर्ण दिवसांऐवजी तीन अर्धे दिवस पसरवलं तर रात्री अकराला ऐरोलीत बसून प्लॅन बनवायची वेळ येत नाही. त्या वेळेला बनलेला प्लॅन दुसऱ्या दिवशी सकाळी वाचवत नाही.

सुट्ट्यांचं कॅलेंडर तिन्ही ठिकाणचं एकाच पानावर हवं. कंपनीच्या यादीत गणेश चतुर्थीची एक सुट्टी असते, पण ठाणे-नवी मुंबईतली निम्मी टीम कोकणात जाते ती आठवडाभर, आणि गाडीची तिकिटं बऱ्याच आधी काढून ठेवलेली असतात. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, म्हणजे मागच्या वर्षीचं कॅलेंडर कॉपी करून चालत नाही. नोव्हेंबरमध्ये पोलंडला १ आणि ११ तारखेची सुट्टी, अमेरिकेत चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, आणि मागेपुढे आपली दिवाळी. त्या तिमाहीत तिन्ही ठिकाणची माणसं एकदम कामावर असतील असे आठवडे मोजकेच. इंटिग्रेशनच्या तारखा त्याच आठवड्यांत टाका, बाकी काम इकडेतिकडे सरकवा.

आणि ट्रेनची वेळ पाळा. ठाणे-वाशी लोकल कोणासाठी थांबत नाही, चुकली तर माणूस पुढची पकडतो, आणि म्हणूनच सगळे वेळेवर स्टेशनला येतात. एखादं फीचर तयार नसेल तर त्याचा टॉगल बंद ठेवून रिलीज जाऊ द्या. 'हे एवढं आलं की जाऊ' म्हणून एकदा थांबलं की पुढच्या वेळी सगळ्याच टीम थांबण्याचा हिशोब धरून चालतात.

एवढं करूनही फसत असेल तर

तीन जागा बघा, साधारण याच क्रमाने.

सामाईक डेटाबेस. टीम वेगळ्या केल्या, सर्व्हिस वेगळ्या केल्या, पण सगळ्या एकाच टेबलवर लिहितात. हे बोर्डवर दिसत नाही, कारण त्याची डिपेन्डन्सी म्हणून कोणी नोंदच करत नाही. कुठली सर्व्हिस कुठलं टेबल लिहिते याची यादी काढा. दोन टीम लिहितात असं प्रत्येक टेबल एकाच टीमच्या मालकीचं करा, दुसरीने एपीआयमधून यायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि फीचर म्हणून विकता येत नाही, म्हणून ते एनेबलर (पुढच्या फीचर्ससाठी पाया घालणारं काम) म्हणून पीआयमध्ये आधीच टाकावं लागतं.

मंजुरी. आर्किटेक्चर बोर्ड दर दोन आठवड्यांनी बसतं, सिक्युरिटी रिव्ह्यूला रांग आहे, क्लायंटकडचा बदल-मंजुरी गट फक्त बुधवारी भेटतो. एक बुधवार चुकला की आठवडा गेला. यातल्या नेहमीच्या बदलांसाठी आधीच मान्य केलेली चौकट ठरवून घ्या, म्हणजे बोर्डापुढे फक्त वेगळं काही असेल तेच जाईल. यासाठी त्या गटातला एक माणूस प्लॅनिंगच्या दोन्ही दिवशी खोलीत हवा. तो 'पाहुणा' म्हणून उद्घाटनाला येऊन गेला तर उपयोग नाही.

तिसरी, ट्रेनच्या बाहेरचा विक्रेता. पेमेंट गेटवे, डॉक्युमेंट स्कॅनिंग, एसएमएस. त्यांना तुमचा पीआय माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं त्यांना कारणही नाही. प्लॅनिंगमध्ये प्रत्येक जोखमीचं काय करायचं ते ठरवायच्या रोम पद्धतीत ही जोखीम बहुतेक 'अक्सेप्टेड' (मान्य) म्हणून टाकली जाते, म्हणजे कोणीही काही करणार नाही असं ठरतं. 'ओन्ड' (कोणीतरी जबाबदारी घेतलेली) करा आणि एका टीमचं नाव घाला. त्या टीमने विक्रेत्याची एपीआय आपल्या एका पातळ ॲडाप्टरच्या मागे ठेवायची, बाकी कोणी तिला थेट हाक मारायची नाही. आणि वरच्या कॉन्ट्रॅक्ट टेस्ट रोज पहाटे त्यांच्या सँडबॉक्सवर चालवायच्या. त्यांनी न सांगता एखादं फील्ड बदललं, तर ते पाचव्या इटरेशनला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ऐरोलीत कळतं, आणि ॲडाप्टरमध्ये बदल करून दुपारपर्यंत विषय संपतो.